हरताळ: पाळायचा की फासायचा?



सीमाभागात वाढलेल्या कुणालाच 'हरताळ' हा शब्द नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव, कारवार, बिदरकडचा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून त्या तारखेला आपण काळा दिन पाळतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'कडकडीत हरताळ' हे शब्द ठरलेलेच. पण हरताळ म्हणजे नेमकं काय?

मराठीत हरताळ दोन आहेत. एक म्हणजे हरिताल, पिवळं खनिज. पूर्वी पोथीत अक्षर चुकलं की त्यावर हे फासायचे, अक्षर झाकलं जायचं. म्हणून आपण 'नियमाला हरताळ फासला' म्हणतो. दुसरा बाजारातला. हाट म्हणजे बाजार, ताळा म्हणजे कुलूप. बाजाराला कुलूप तो हरताळ, अशी त्याची फोड सांगतात.

आता क्रियापद बघा. व्रत पाळतो, सुतक पाळतो, दिलेला शब्द पाळतो, तसाच हरताळ पाळतो. जो पाळतो त्यालाच झळ बसते. ६ एप्रिल १९१९ ला रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ झाला. गांधीजींनी त्याला उपास आणि प्रार्थना जोडली होती. नोकरदारांनी आधी परवानगी घ्यावी, मगच काम थांबवावं, असंही त्यांनी सांगितलं होतं. म्हणजे कुलूप ज्याचं, निर्णयही त्याचाच.

सक्तीचा बंद वेगळा. तिथं कुलूप दुसऱ्याच्या दुकानाला लागतं. १९९७ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं असे बंद घटनाबाह्य ठरवले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. साधारण संप किंवा हरताळ आणि बंद यांत न्यायालयानं फरक केला होता. लोकांना सक्तीनं घरी बसवणं हा कुठल्याही पक्षाचा हक्क नाही, असा त्याचा मथितार्थ.

आपली मागणी काय आहे? आमच्या इच्छेविरुद्ध आम्हाला कुठं ढकलू नका, हीच ना? मग शटर खाली ओढायला लावताना समोरच्याची इच्छा विचारायला नको? भाजीवाली त्या दिवशी पाटी उतरवत नाही, तेव्हा तिची रोजची कमाई बुडते. तिला कारण समजावून सांगूया. कुणी नाही म्हणालं, मराठी असो की कन्नड, तर नमस्कार करून पुढं जाऊया.

नाहीतर हरताळ पाळायला निघालेले आपण, आपल्याच मागणीला हरताळ फासून परत येऊ.