निकालपत्रातील गावाचा रकाना

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, कांजूरमार्ग येथे, ब्रिज स्पर्धेच्या पारितोषिक वितरणप्रसंगी केलेले भाषण)



विजेत्या जोड्यांना आत्ताच करंडक देण्यात आले. अशा वेळी वक्त्याने खेळाची थोरवी गावी, तरुणांस उपदेशाचे चार शब्द सांगावेत आणि भोजनाची वेळ टळू न देता खाली बसावे, अशी आपल्याकडील रीत आहे. भोजनाची वेळ आम्हीही टळू देणार नाही. परंतु थोरवीऐवजी आज एका रकान्याविषयी बोलण्याची अनुज्ञा मागतो. समोरच्या भिंतीवरील निकालपत्रात खेळाडूच्या नावापुढे 'गाव' असा जो रकाना आहे, त्यात काय लिहावे, हा आमचा विषय. विषय क्षुल्लक दिसतो खरा; पण त्यावरून यंदा मंडळाकडे दोन पत्रे आली, आणि दोन्ही पत्रांतील दोषाचे धनी आम्हीच आहोत.

आम्ही शालान्त परीक्षेपलीकडे शिकलेलो नाही. मुलांस शिकविण्यात आणि हजेरीपट भरण्यात आमचे आयुष्य गेले. तथापि त्या आयुष्याने एक गोष्ट मनावर ठसविली, ती ही की, रकाना हा मुका नसतो. शाळेच्या दाखल्यात जन्मस्थळाचा रकाना असतो. त्यात गाव, तालुका, जिल्हा असे सारे लिहावे लागते. त्यातील एका शब्दाच्या चुकीपायी पालकांनी कचेऱ्यांचे किती उंबरठे झिजविले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आता ब्रिजकडे वळू. ज्या भगिनींना मेंढीकोट नि झब्बू यांपलीकडे पत्त्यांशी फारसा परिचय नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. हा खेळ चौघांचा, समोरासमोरचे दोघे भिडू. मेजावर बसणाऱ्यांस नावे नसतात, दिशा असतात. उत्तर-दक्षिण ही एक जोडी, पूर्व-पश्चिम ही दुसरी. आजचा हा खेळ, म्हणजे काँट्रॅक्ट ब्रिज, १९२५ साली हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी त्याच्या गुणपद्धतीची घडी बसविल्यापासून जगभर पसरला. स्पर्धेत तीच वाटलेली पाने एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फिरतात. त्यामुळे कोणाच्या हाती एक्के-राजे अधिक आले, याला महत्त्व उरत नाही. त्याच पानांवर इतरांनी काय साधले आणि तुम्ही काय साधले, एवढेच पाहिले जाते. दैवाचा वाटा कमी करून बुद्धीचा वाटा वाढविणारी ही योजना आहे.

असा हा न्यायी खेळ. पण त्याचा निकाल लिहिताना खेळाडू कोठला म्हणावयाचा, याविषयी जगात एकवाक्यता नाही. अमेरिकेतील ब्रिज संघटना १९३७ साली स्थापन झाली. तेथील छापील निकालांत नावापुढे खेळाडूचे शहर नि राज्य देण्याचा प्रघात आहे. परदेशातून आलेल्याच्या नावापुढे कधी शहर आणि देश, तर कधी नुसता देश. जागतिक संघटना १९५८ साली निघाली. तिच्या सांघिक अजिंक्यपदात शहराला स्थान नाही. तेथे देश खेळतात. एके ठिकाणी खेळाडू राहतो कोठे ते पाहिले जाते, तर दुसरीकडे तो खेळतो कोणाकडून ते.

या दोन प्रश्नांची उत्तरे नेहमी एकच येतात असे नाही. हेल्गेमो आणि हेल्नेस ही नॉर्वेतील नामांकित जोडी पुढे मोनॅको या चिमुकल्या राज्याकडून खेळू लागली. २०२२ साली स्वित्झर्लंडच्या संघाने बर्म्युडा बाऊल हे जागतिक अजिंक्यपद मिळविले, त्या संघात पोलंडमध्ये वाढलेला खेळाडू होता. यात नियमभंग नाही आणि आम्ही कोणास दोषही देत नाही. परंतु शंभर वर्षांनी कोणी केवळ निकालपत्र वाचील, तर नॉर्वेच्या मातीत तयार झालेला खेळ त्यास मोनॅकोचा वाटेल. निकालपत्र असत्य बोलत नाही, पण अर्धेच बोलते.

आपल्या देशाचेही उदाहरण घ्या. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार या जोडीने सुवर्णपदक मिळविले. त्या वेळी बर्धन यांचे वय साठ होते, ही गोष्ट येथील ज्येष्ठांनी ध्यानात ठेवावी! निकालात त्यांच्या नावापुढे 'भारत' हा एकच शब्द, आणि तो योग्यच होता. पण ज्या बंगालमध्ये त्यांचा खेळ घडला, तिकडील माणसाला त्या एका शब्दाने समाधान कसे वाटावे?

हाच प्रश्न महाराष्ट्राने फार पूर्वी अनुभवला आहे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. निकालात 'भारत' असे लिहिले गेले. पण खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांना पाठविण्यासाठी लोकांनी वर्गणी गोळा केली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. ते गहाण ठेवलेले घर निकालपत्राच्या कोणत्या रकान्यात लिहावयाचे? पुढे बहात्तर वर्षांनी, २०२४ साली, स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस येथे नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. देशाचे नाव पदकाला मान देते, आणि गावाचे नाव ते पदक कोणाच्या श्रमातून आले ते सांगते.

ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून बोलत असताना आणखी एका गोष्टीचा उल्लेख करणे आम्ही कर्तव्य समजतो. एके काळी मुंबईच्या क्रिकेटमध्ये संघाची ओळख गावावरून होत नसे. ती धर्मावरून होत असे. १९१२ साली चौरंगी आणि १९३७ साली पंचरंगी झालेले ते सामने १९४६ साली बंद पडले. रणजी करंडकात प्रांताप्रांतांचे संघ खेळू लागले, आणि प्रेक्षकांच्या जिभेवर मुंबई, बडोदे, होळकर ही नावे रुळली. गावाच्या नावाखाली सर्वांस उभे राहता येते, हा त्यातील बोध. आपली ज्ञाती एक आहे, हे आपणा सर्वांस ठाऊकच आहे. निकालपत्राने ते पुन्हा सांगण्याची गरज नाही. आपल्यातील कोण कोठून आला आणि आज कोठे नांदतो, हे मात्र निकालपत्राने सांगितले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, "मास्तर, मराठी माणसाचे गाव त्याच्या आडनावातच असते, वेगळा रकाना कशाला?" हा आक्षेप वजनदार आहे. वाडेकर, वेंगसरकर, तेंडुलकर ही नावे धावफलकावर झळकली, ती त्यांच्या पूर्वजांच्या गावांसह झळकली. परंतु सचिन तेंडुलकर यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांचा खेळ शिवाजी पार्कवर घडला. आडनाव पूर्वजांचा पत्ता सांगते, खेळाडूचा नव्हे. हा भेद आम्हांस वेळीच कळला असता, तर ती दोन पत्रे आली नसती.

पहिले पत्र परदेशात वाढलेल्या एका तरुणाचे. त्याचे आजोबा चाळीस वर्षांपूर्वी मंडळाच्या स्पर्धेत खेळत असत. आजी गेली, वडीलही गेले. आता मूळ गाव सांगणारे घरात कोणी उरले नाही. जुन्या वहीत काही नोंद सापडेल काय, असे त्याने विचारले होते. आम्ही वही काढली. नाव होते, गुण होते, दुसरा क्रमांक होता. आणि गावाच्या रकान्यात 'मुंबई' असे होते. अक्षर आमचेच. तेव्हा आम्ही तरुण होतो. अक्षर बरे म्हणून वही आमच्याकडे असे. सारेच मुंबईकर, मग गाव ते काय लिहावयाचे, असा विचार करून आम्ही पानेच्या पाने 'मुंबई' या शब्दाने भरली होती. ते गृहस्थ दर मे महिन्यात गावाहून आंबे आणीत आणि आम्हांस देत. आम्ही आंबे खाल्ले, गाव विचारले नाही. त्या मुलास काय उत्तर लिहावे, हे आम्हांस आठ दिवस सुचले नाही.

दुसरे पत्र आपल्यातीलच एका सुनेचे. त्या बाई या क्षणी सभागृहात आहेत आणि त्यांच्या अनुमतीने हे सांगत आहोत. गतवर्षी त्यांना पारितोषिक मिळाले. पहिल्या चुकीने शहाणे झालो, या समजुतीत आम्ही त्यांच्या नावापुढे सासरचे मूळ गाव मोठ्या हौसेने लिहिले. आडनावावरून ते सहज कळत होते. त्यांनी लिहिले, "त्या गावी मी कुलदैवताच्या दर्शनास एकदाच गेले आहे. पत्ते मला माझ्या वडिलांनी बेळगावात शिकविले. स्मरणिका हाती घेऊन ते माझे नाव शोधीत होते. नाव सापडले, पण त्यापुढचे गाव वाचून ही दुसरी कोणी असेल असे त्यांना वाटले." बंधुभगिनींनो, पहिल्या वेळी आम्ही विचारले नाही, म्हणून गाव हरवले. दुसऱ्या वेळीही विचारले नाही, म्हणून एका पित्यास आपली कन्या ओळखता आली नाही. चूक दोन्ही वेळी एकच.

यास्तव कार्यकारी मंडळापुढे आम्ही काही सूचना ठेवीत आहोत. पहिली ही की, गाव खेळाडूस विचारून लिहावे. आडनाव, सासर अथवा चेहरा पाहून लिहू नये. दुसरी, रकाने दोन असावेत. पहिल्यात स्पर्धेच्या दिवशी तो राहतो ते ठिकाण. दुसऱ्यात तो आपले म्हणून सांगेल ते गाव, मग ते वडिलांचे असो, आजोळ असो वा माहेर असो. दुसरा रकाना कोरा ठेवण्याची मुभाही असावी. तिसरी, जोडीतील दोन भिडूंची गावे वेगवेगळी लिहावीत. एकाच्या गावाने दुसऱ्याचे गाव झाकू नये.

चौथी सूचना शिक्षकी बाण्याची आहे. गावाबरोबर तालुका नि जिल्हा लिहावा. वडगाव असे म्हटल्याने काय कळते? १७७९ साली इंग्रजांस जेथे तह करावा लागला ते वडगाव मावळातले. त्या नावाची गावे इतरत्रही आहेत. आता आपली मुले परदेशातून संगणकावरून आपल्या स्पर्धेत उतरतात, तेव्हा तर देशही लिहिला पाहिजे. लंडन इंग्लंडात आहे, तसे कॅनडातही आहे. हैदराबाद दक्षिणेत आहे, तसे सिंधमध्येही आहे. पाचवी, ठिकाणाचे नाव स्पर्धेच्या वेळी जे असेल तेच राहू द्यावे. १९९५ पूर्वीच्या इंग्रजी कागदांवर 'बॉम्बे' असेल, तर ते खोडू नये. चूक आढळल्यास समासात तारखेसह दुरुस्ती लिहावी. आणि शेवटची, केवळ गाव छापावे. घरक्रमांक वा दूरध्वनी छापू नये. ओळख पटावी एवढेच आपले काम आहे. दार दाखविण्याचे नाही.

भांडुप आणि विक्रोळी यांच्यामधील हे आपले कांजूरमार्ग. आमच्या डोळ्यांदेखत येथील कारखान्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. यांतील अनेक घरांतील मुलांना आता हेच गाव आहे. कोकण वा देश त्यांच्यासाठी सुट्टीतला आहे. त्यांच्या नावापुढे अभिमानाने कांजूरमार्ग लिहावे. त्यात आजोबांच्या गावाचा अपमान नाही, कारण त्या गावासाठी शेजारी दुसरा रकाना ठेवलेला आहे.

त्या परदेशस्थ तरुणास आम्ही अखेर खरे तेच लिहिले, की नोंद आमच्या हातून राहिली, आम्ही क्षमा मागतो. आपल्यापैकी कोणास त्या आजोबांचे गाव ठाऊक असेल, तर भोजनापूर्वी आम्हांस गाठावे. नाव आम्ही कानात सांगू. आणि भिंतीवरील निकालपत्रात दुसऱ्या क्रमांकाच्या जोडीपुढे पाहावे. तेथे एका नावासमोर 'कांजूरमार्ग' असे आहे, आणि शेजारच्या रकान्यात 'बेळगाव' असे आहे. हे आम्ही विचारून लिहिले आहे.