तळात पाणी किती?

आज माइक घेऊन थेट रेवदंड्याच्या खाडीवर आलोय. समोर साळावचा पूल. मध्येमध्ये इंजिनांचा आवाज येईल, तेवढा सहन करा.

लहानपणी आजोबांच्या लाकडी होडीवर माझं काम एकच होतं, पाणी उपसायचं. तेलाचा कापलेला डबा घ्यायचा आणि तळातलं पाणी बाहेर फेकत राहायचं. एकदा जाळ्यात मासळी एवढी आली की मीही ओढायला धावलो. डबा विसरलो. आजोबांनी खाली बघितलं तर पाणी घोट्याच्या वर! ते ओरडले नाहीत. जाळं सोडून स्वतः उपसायला बसले. निम्मी मासळी गेली.

लाकडी जहाजात पाणी येणारच. फळ्यांच्या फटींत सूत ठोका, वर डांबर फासा, तरी झिरपतंच. सुकलेली होडी पाण्यात ढकलली की आधी जास्त गळते, मग लाकूड फुगून फटी मिटतात.

मोठ्या जहाजाला डबा कुठे पुरणार? युरोपातल्या जहाजांवर पोकळ खोडाचा पंप असायचा. आत दांडा, त्याला चामडं. दांडा खाली गेला की चामडं मिटणार, वर ओढला की पसरून पाणी उचलणार. पुढे रहाटासारखे साखळीचे पंप आले. आणि गंमत म्हणजे, पंपातून घाणेरडं पाणी आलं तर खलाशांना बरं वाटायचं, म्हणजे ते जुनं. स्वच्छ पाणी आलं की धडकी! समुद्र आत येतोय.

मार्च १५०८. तेव्हा इथे पोर्तुगीजांचा कोट नव्हता. ह्याच खाडीत व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सू द आल्मेइदा ह्याची जहाजं, आणि समोर इजिप्तचा अमीर हुसेन नि दीवचा मलिक अयाझ. समुद्राकडे निसटताना लोरेन्सूच्या जहाजाला पाण्याच्या रेषेजवळ गोळा लागला. तळ भरत गेला, जहाज जड झालं आणि मासेमारीच्या खुंटांत अडकलं. बाकीची जहाजं सुटली, हे नाही. लोरेन्सू तिथेच मारला गेला. फेब्रुवारी १५०९ मध्ये बापाने दीवला जाऊन सूड घेतला, पण ती गोष्ट वेगळी.

मला मात्र सारखा तो घोट्याच्या वरचा पाण्याचा गारवा आठवतो.

मघाशी इथल्या एका तांडेलमामांची फायबरची होडी बघितली. बॅटरीवरचा पंप, पाणी चढलं की आपोआप सुरू होतो. बॅटरीच्या मागे कापलेला डबा होता.

"हा कशाला मामा?"

"पंप बंद पडतो रे कधीकधी."