सातपुड्याच्या पायवाटा
(एका निवृत्त शिक्षकाचें नभोवाणीवरील भाषण)



नागपुरास डोंगर नाहींत, असें आमचे पुण्याकडील स्नेही मोठ्या सहानुभूतीनें सांगत असतात. सेमिनरी हिल्स म्हणून जी टेकडी आम्ही पाहुण्यांस कौतुकानें दाखवितों, ती पाहून त्यांना हसूं आवरत नाहीं. रामटेकास नेलें तर ते पायऱ्या मोजतात आणि सिंहगडाची गोष्ट काढतात. अशा वेळीं मी त्यांस एवढेंच सांगतों कीं, सिंहगड समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर उंच आहे आणि आमच्या सातपुड्यांतील धूपगड १३५२ मीटर. कळसूबाईचें नांव मात्र मी आपण होऊन काढीत नाहीं.

धूपगड पचमढीस आहे, पचमढी मध्यप्रदेशांत आहे, मग तो तुमचा कसा, असेंहि कोणी विचारतील. त्यांनीं थोडा इतिहास आठवावा. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला, त्याची राजधानी नागपूर होती, आणि उन्हाळा लागला कीं त्या सरकारचें बिऱ्हाड पचमढीच्या पठारावर चढत असे. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली. पचमढी तिकडे राहिली आणि नागपूर इकडे आलें. परंतु पायवाटेस ही गोष्ट अद्याप कोणीं कळविलेली दिसत नाहीं. श्रावण जवळ आला कीं नागपूर, अमरावती, वर्धा या बाजूचे हजारों लोक पडशी खांद्यास लावून छिंदवाडा आणि तामिया या मार्गानें त्या डोंगरांकडे निघतात. डोंगर चालून पाहण्याचा नाद हल्लीं शहरांतील तरुणांस लागला आहे आणि तो विलायतेहून आला अशी पुष्कळांची समजूत आहे. तथापि हा नाद आमच्या आजीलाहि होता. ती त्यास यात्रा म्हणत असे इतकेंच.

विलायतेचा उल्लेख आलाच आहे तर थोडें दूर जाऊन येऊं. अमेरिकेच्या पूर्वभागांत अपलाशियन नांवाची अतिप्राचीन पर्वतराजी आहे. तिचीं दक्षिणेकडील शिखरें झिजून गोलाकार झालेलीं व माथ्यापर्यंत रानानें झांकलेलीं आहेत. बेंटन मकाय नांवाच्या गृहस्थानें १९२१ सालीं कल्पना मांडली कीं, या डोंगरांच्या धारेनें एक अखंड पायवाट असावी. १९३७ सालीं ती पुरी झाली. जॉर्जिया राज्यापासून मेन राज्यापर्यंत ही वाट सुमारें ३५०० किलोमीटर जाते. झाडांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढलेले असतात, ते पाहात चालावयाचें आणि रात्रीं वाटेंतील लांकडी निवाऱ्यांत पडावयाचें. ज्या १९४८ सालीं नागपूरचें आकाशवाणी केंद्र सुरू झालें, त्याच सालीं अर्ल शेफर नांवाचा एक तरुण ती सबंध वाट एका दमांत चालून गेला. महायुद्धांतून परत आलेला हा मनुष्य होता, आणि युद्ध डोक्यांतून काढून टाकण्यासाठीं आपण चाललों असें त्यानें सांगितलें. मला ही गोष्ट त्या ३५०० किलोमीटरांपेक्षां मोठी वाटते. त्या दक्षिणेकडील डोंगरांतून चेरोकी लोकांस १८३८ सालीं सैन्य लावून हांकलून दिलें होतें, हेंहि तेथील चालणाऱ्यांस ठाऊक असावें. डोंगर निर्जन दिसला तर तो कोणीं निर्जन केला, हा प्रश्न सातपुड्यांतहि विचारण्यासारखा आहे. व्याघ्रप्रकल्पाच्या आंतील अनेक गांवें गेल्या वीस वर्षांत बाहेर नेऊन वसविण्यांत आलीं आहेत.

आमच्या डोंगराचें वय मात्र विलक्षण आहे. पचमढीचा खडक वालुकाश्म आहे; ज्या काळ्या पाषाणावर सह्याद्रि उभा आहे, त्याच्याहून तो कितीतरी जुना. भूस्तरशास्त्रज्ञ मेडलिकॉट यानें १८७२ सालीं या जातीच्या खडकांस गोंडांच्या भूमीवरून 'गोंडवन' हें नांव दिलें, आणि पुढें आफ्रिका, हिंदुस्थान वगैरे भाग सामावून घेणाऱ्या प्राचीन भूखंडासहि तेंच नांव मिळालें. शाळेंत हें सांगतांना माझ्या मुलांचे डोळे विस्फारत. ज्यांच्या घरचा मनुष्य आपल्या दारांत मोहाचीं फुलें विकावयास येतो, त्यांच्या नांवानें अर्धें जग ओळखलें जातें, हें त्यांस खरें वाटत नसे.

पचमढी पाहिली कप्तान जेम्स फॉर्सिथ यानें, असें पुस्तकांत लिहिलेलें असतें. तो १८६२ सालीं तेथें चढला, त्यानें बायसन लॉज नांवाचा बंगला बांधला आणि मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावर एक सुंदर पुस्तक लिहिलें. तें १८७१ सालीं प्रसिद्ध झालें. ग्रंथ वाचनीय आहे. परंतु 'पाहिली' या शब्दास माझा आक्षेप आहे. महादेवाची गुहा, चौरागडावर वाहिलेले त्रिशूळ, गोंड आणि कोरकूंचीं देवस्थानें हीं सर्व कप्तानसाहेबांची वाट पाहात बसलीं नव्हतीं. साग आणि साल या दोन थोर वृक्षांचीं राज्यें सातपुड्यांत जेथें एकमेकांस भेटतात, त्या सीमेजवळचें हें रान आहे. सालाच्या सावलींतून निघालेली पायवाट बांबूच्या बेटांतून खालीं उतरते, ओढ्याच्या कांठीं जांभूळ आणि अर्जुन लागतात, आणि वर फांद्यांतून तांबडी शेकरू झेप घेते. हें वर्णन मी येथेंच आंवरतों. तें कानांनीं ऐकण्यासारखें नाहीं.

आतां नागद्वारीविषयीं. श्रावण शुद्ध पंचमीच्या आधीं सुमारें दहा दिवस ही यात्रा चालते. ही वाट व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यांतून जाते, म्हणून वर्षांतून केवळ यात्रेपुरतीच ती उघडतात. काजरी, पद्मशेष, चिंतामणि, स्वर्गद्वार, चित्रशाळा अशीं तिचीं ठिकाणें. एक डोंगर उतरावा तों दुसरा समोर उभा. कांहीं कड्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. वाटेंत विदर्भांतील सेवामंडळें तंबू ठोकून येणाऱ्याजाणाऱ्यास फुकट जेवूं घालतात. पाठीवर ओझीं वाहून नेलेलें तें धान्य, पावसांत पेटविलेली ती चूल आणि 'माउली, दोन घांस घेऊनच पुढें जा' असा तो आग्रह, यांपुढें शहरांतील पंगत मला फिकी वाटते.

मात्र हा महिना भर पावसाचा. नागपुरास वर्षांत जेवढा पाऊस पडतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट पचमढीस पडतो. माथ्यावर मातीचा थर पातळ, खालीं सरळ कडे, आणि सर्व पाणी अरुंद खोऱ्यांत एकदम उतरणारें. म्हणून तेथील ओढा घटकेंत चढतो आणि दोन घटकांत उतरतो. जें सांगण्यासाठीं मीं आजचें हें निमंत्रण स्वीकारलें, तें याच ओढ्यासंबंधीं आहे.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी तेव्हां एका शाळेंत सातवीच्या वर्गास गणित शिकवीत असें. वर्गांतील नऊ मुलांस घेऊन मी नागद्वारीस गेलों. तयारी उत्तम होती, असें मला वाटत होतें. प्रत्येकाजवळ दशम्या आणि चिवडा, एक घोंगडी, मेणकापडाचा तुकडा, विजेरी. ओझें अंगाच्या वजनाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक नको म्हणून मीं प्रत्येकाची पिशवी तराजूवर तोलून घेतली होती. दर्शन झालें आणि आम्ही परत निघालों. दुपारीं पाऊस कोसळला, आणि सकाळीं घोट्याएवढ्या पाण्यांतून जो ओढा आम्हीं ओलांडला होता तो गुडघ्याच्या वर गेला.

कांठावर एका कोरकू म्हाताऱ्यानें ताडपत्रीखालीं चहाचें दुकान मांडलें होतें. तो म्हणाला, "गुरुजी, बसा. दोन तासांत पाणी उतरेल." मीं घड्याळ पाहिलें. दुसऱ्या दिवशीं पहांटे आमची मोटार होती. शनिवारीं संध्याकाळीं मुलें घरीं पोंचतील असा शब्द मीं नऊ घरीं दिला होता. शिवाय, आज लपवून काय उपयोग, नऊ मुलांसमोर एका चहावाल्याचें ऐकून बसून राहणें मला कमीपणाचें वाटलें. मीं काठी टाकून पाण्याची खोली पाहिली, ती अडीच फूट भरली, आणि मीं हिशेब केला कीं सर्वांत लहान मुलाच्याहि कमरेच्या वर पाणी येणार नाहीं. खोली मीं मोजली. वेग मोजला नाहीं. पाण्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा धक्का चौपट होतो, हें मीं पुढें एका पुस्तकांत वाचलें. गणिताच्या शिक्षकास तें त्या दिवशीं ठाऊक असावयास हवें होतें. पाणी तांबडें झालें होतें, त्यांतून पानें आणि काटक्या वाहात होत्या, तळाशीं दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता. हीं सर्व चढत्या पाण्याचीं लक्षणें होतीं आणि तीं सर्व मीं पाहिलीं होतीं.

आम्हीं हातांत हात घालून सांखळी केली. मी पुढें होतों. ओढ्याच्या मध्यावर सर्वांत लहान मुलाचा पाय शेवाळावरून सरकला. मुलांनीं एकमेकांचीं बोटें धरलीं होतीं. मनगटें धरावयास मीं सांगितलें नव्हतें. बोटें सुटलीं. तो मुलगा माझ्या डोळ्यांदेखत गेला. मी ओरडलों कीं नाहीं हें मला आठवत नाहीं. त्याची निळी पिशवी दोनदां वर आली एवढेंच आठवतें.

वीसपंचवीस पावलें खालीं ओढा वळतो. तेथें एका जांभळीच्या मुळ्या पाण्यांत उतरल्या आहेत. त्या मुळ्यांत एक पाय अडकवून, हातांत लांब बांबू धरून, तो चहावाला म्हातारा कमरेएवढ्या पाण्यांत उभा होता. आपण गुरुजींस थांबवूं शकत नाहीं हें त्यानें ओळखलें, आणि वाद घालीत न बसतां, वाहून जाणारी वस्तु जेथें लागते त्या ठिकाणीं तो आधींच जाऊन उभा राहिला. त्यानें मुलास बांबूनें अडविलें, मानगूट धरून बाहेर ओढलें, पालथें घालून पाणी काढलें. मुलाच्या कपाळास खोंक पडली होती आणि एका पायांतील बूट गेला होता. बाकीच्या मुलांस त्यानें अलीकडच्या कांठावर परत आणलें आणि सर्वांस चहा दिला. मीं पैसे पुढें केले तेव्हां त्यानें चहाचे तेवढे मोजून घेतले. मला तो एक शब्दहि बोलला नाहीं. पाणी उतरावयास पावणेदोन तास लागले.

नागपुरास आल्यावर मी प्रथम त्या मुलाच्या घरीं गेलों. वडील गिरणींत रात्रपाळीस होते, तरीहि जागे झाले. मीं घडलें तसें सांगितलें. मुलगा घसरला असें न सांगतां मीं त्यास चुकीच्या वेळीं पाण्यांत उतरविलें, असें सांगितलें. वडील बराच वेळ खालीं पाहात राहिले आणि मग म्हणाले, "गुरुजी, तुम्हीं आलां म्हणून बोलत नाहीं." तें वाक्य मला अजूनहि पुरतें उलगडलेलें नाहीं. मुलाच्या आईनें मात्र निराळेंच विचारलें: तो म्हातारा कोण, आणि त्याच्या घरीं कोण कोण आहेत? मला त्याचें नांवहि ठाऊक नव्हतें.

मुख्याध्यापकांनीं पुढील वर्षीं सहल नको असें म्हटलें, तें योग्यच होतें. मी एकटाच जावयास निघालों. परंतु निघण्याच्या आदल्या दिवशीं तो मुलगा आणि त्याचे वडील माझ्या दारांत उभे राहिले. वडिलांच्या हातांत आईनें दिलेलें धोतर, लुगडें आणि संत्र्यांच्या बर्फीचा पुडा होता. आम्ही तिघे गेलों. या वेळीं मीं परतीच्या मोटारीची वेळ ठरविलीच नाहीं. डोंगरांत चालणाऱ्यानें पाठीवर काय घ्यावें याविषयीं मला पुष्कळ लोक विचारतात. मी त्यांस सांगतों, एक कोरा दिवस घ्या. बाकी घोंगडी, विजेरी, सुताची दोरी हें सर्व त्याच्या मागून. पाणी गढूळ असून गुडघ्याच्या वर असेल तर कांठावर बसा. उतरावेंच लागलें तर पाठपिशवीचे पट्टे सैल ठेवा, म्हणजे प्रसंगीं ती टाकतां येते. आणि एकमेकांचीं मनगटें धरा. ज्यांस मुलांबाळांसह जावयाचें असेल त्यांनीं श्रावणापेक्षां मार्गशीर्ष-पौषांत जावें, वनखात्याची परवानगी काढावी, गांवचा वाटाड्या बरोबर घ्यावा आणि तो बसा म्हणाला कीं बसावें.

म्हातारा त्याच जागीं, त्याच ताडपत्रीखालीं होता. त्यानें मुलास ओळखलें. कपाळावरील खुणेस बोट लावून पाहिलें. धोतर आणि लुगडें ठेवून घेतलें, बर्फी तेथेंच फोडून यात्रेकरूंस वांटली. नंतर त्यानें माझ्या मागें वाटेकडे पाहिलें आणि विचारलें, "गुरुजी, या वर्षीं किती मुलें आहेत?" एकच आहे, असें मीं सांगितलें. तरीहि तो उठला, ताडपत्रीबाहेर आला, आणि वळणापर्यंत जाऊन, मागें आणखी कोणी येत नाहीं ना, हें पाहून आला.