कोणत्या दिवशी कोणता पार्क? डिस्नी वर्ल्डच्या गर्दीचं गणित

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलेला आहे. आई-बाबा भारतातून अमेरिकेत आले की ओर्लँडोची ट्रिप ठरते आणि मग मेसेज येतो, "अरे, चार पार्क आहेत, कुठल्या दिवशी कुठे जाऊ?" आमच्या घरी ही ट्रिप गेल्या ऑक्टोबरमध्ये झाली. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, पंधरा-वीस मिनिटांच्या वर एका जागी उभं राहणं तिला जमत नाही. त्यामुळे माझ्यासाठी गर्दी चुकवणं ही हौस नव्हती. रांग लांबली तर आईची ट्रिप तिथेच संपणार होती.

आधी थोडी ओळख. वॉल्ट डिस्नी वर्ल्डमध्ये चार मोठे पार्क आहेत. किल्ला आहे तो मॅजिक किंगडम १९७१ चा, एपकॉट १९८२ चा, हॉलिवूड स्टुडिओज १९८९ चा आणि ॲनिमल किंगडम १९९८ चा. एकमेकांपासून ते बरेच लांब आहेत, मध्ये बहुतेक वेळा वाहन लागतं. म्हणजे सकाळी कुठे जायचं हा निर्णय चुकला की दुपारी तो सुधारायला निदान एक तास जातो.

आता रांग नेमकी वाढते कशी ते बघू. समजा एका राईडवर तासाला १२०० माणसं बसू शकतात आणि पार्क उघडल्यावर तासाला २००० माणसं तिकडे येतात. पंधरा मिनिटांनी आलेले ५००, बसलेले ३००, रांगेत राहिले २००. म्हणजे दहा मिनिटांचं थांबणं. तासाभराने रांगेत ८०० माणसं, थांबणं चाळीस मिनिटं. दोन तासांनी ऐंशी. आकडे मी सोयीचे घेतलेत, पण यामागचा नियम पक्का आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला, आम्ही सर्व्हरच्या लोडसाठी तोच वापरतो. यातून निघणारी गोष्ट साधी आहे: पहिला अर्धा तास हा दिवसातला सगळ्यात महाग अर्धा तास. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज तीस मिनिटं आधी आत सोडतात. म्हणून आम्ही खोली स्वस्तातली घेतली, पण डिस्नीच्याच हॉटेलात.

दुसरी गोष्ट आठवडा. नाताळ ते नवीन वर्ष, थँक्सगिव्हिंग, स्प्रिंग ब्रेक, ईस्टर हे सगळ्यांना माहीत असतं. पण न्यू जर्सीतल्या मंडळींनी कान द्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथल्या शिक्षकांचं अधिवेशन असतं, शाळांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी मिळते आणि अर्धं न्यू जर्सी फ्लोरिडात उतरतं. डिस्नीवाले त्याला 'जर्सी वीक' म्हणतात. तुमच्या मुलांना सुट्टी आहे म्हणून तुम्ही जाता, तेव्हा शेजारच्यांच्या मुलांनाही तीच सुट्टी असते. सप्टेंबर त्या मानाने निवांत, पण तेव्हा चक्रीवादळांचा मोसम ऐन भरात असतो. आम्ही ऑक्टोबरचा मधला आठवडा धरला.

आता मुख्य प्रश्न, कुठल्या वारी कुठला पार्क. बहुतेक लोक शनिवार-रविवारी पोचतात आणि पहिल्याच दिवशी किल्ला बघायला धावतात. म्हणून सोमवारी आम्ही मॅजिक किंगडम टाळलं आणि ॲनिमल किंगडम धरलं. ते सकाळी लवकर उघडतं, सफारीत प्राणी सकाळीच जास्त हालचाल करताना दिसतात, आणि ती सफारी ट्रकमध्ये बसून करायची असते. आम्ही दुपारी एकला बाहेर होतो.

मंगळवारी मॅजिक किंगडम, आणि त्याला कारण होतं. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत काही ठरावीक रात्री तिथे हॅलोविनची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते. साधं तिकीट असलेल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर पडावं लागतं. आतषबाजी बघायला मिळणार नाही म्हणून बरेच लोक तो दिवस टाळतात, आणि दिवसभर रांगा आखूड राहतात. फक्त चारपासून पार्टीवाले आत यायला लागतात. आम्ही चारला निघालो.

इथे बाबांनी हरकत घेतली. प्रत्येक तिकिटाला शंभर डॉलरच्या वर मोजलेले, ते त्यांनी मनातल्या मनात रुपयांत बदललेले. "अरे, सहापर्यंतचं तिकीट आणि तू चारला बाहेर काढतोस? आणि फटाके कधी बघायचे?" पैसे वसूल झाले पाहिजेत, ही त्यांची बाजू मला पटत होती. त्यांनी आयुष्यभर असंच घर चालवलंय. मी म्हटलं, "बाबा, फटाके उद्या एपकॉटला आहेत, रोज रात्री असतात. आपण फक्त पार्क बदललाय."

बुधवारी एपकॉटला गेलो तेच दुपारी दोनला. आदल्या दिवशी लवकर सुटका, दुसऱ्या दिवशी उशिरा सुरुवात, म्हणजे आईला मध्ये जवळजवळ एका दिवसाची विश्रांती मिळाली. एपकॉटला शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ टाळा, कारण फूड फेस्टिवलसाठी ओर्लँडोची स्थानिक मंडळी तेव्हाच येतात. तिथे तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत आणि त्यांची फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची. आम्ही ती पूर्ण केली नाही. तळ्यातून बोट जाते, तिने पलीकडे गेलो आणि फटाके सुरू होण्याच्या तासभर आधी बसायला जागा धरली.

गुरुवार पूर्ण मोकळा. फ्लोरिडात वीज चमकली की उघड्यावरच्या राईड बंद करतात, मग सगळी गर्दी छपराखालच्या रांगांत जाते. एखादा दिवस पावसात गेला तर तो कुठे हलवायचा? म्हणून बफर ठेवला. पाऊस आला नाही, तर आई पूलमध्ये पाय सोडून बसली. शुक्रवारी हॉलिवूड स्टुडिओज. तिथे गाजलेल्या राईड कमी जागेत एकवटल्यात, म्हणून रांगेतून सुटण्याचा पैसे भरून मिळणारा पास, लायटनिंग लेन, आम्ही फक्त त्या एका दिवसासाठी घेतला. हॉटेलवाल्यांना तो सात दिवस आधी घेता येतो, बाकीच्यांना तीन.

व्हीलचेअरबद्दल बरेच जण विचारतात. ती प्रत्येक पार्कात भाड्याने मिळते, पण तिने रांग टळत नाही. बहुतेक रांगा व्हीलचेअर जाईल अशाच बांधल्यात, त्यामुळे सगळ्यांइतकंच थांबावं लागतं. फरक एवढाच की बसून थांबता येतं. आई आधी म्हणाली, "मी काय पेशंट आहे का?" मी वाद घातला नाही. माझ्या स्प्रेडशीटमध्ये राईडच्या संख्येचा रकाना नव्हताच, 'आईची उभं राहण्याची मिनिटं' असा रकाना होता आणि दिवसाची मर्यादा नव्वद. तो कागद तिला दाखवला. शुक्रवारचा आकडा पास धरूनही एकशे दहाच्या खाली येत नव्हता. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "मग शुक्रवारी घेऊ खुर्ची. बाकी दिवस नको." हा निर्णय तिचा होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता एक इशारा. ब्रायन आर्थर नावाच्या अर्थतज्ज्ञांनी १९९४ मध्ये एक कोडं मांडलं होतं. एका बारमध्ये गर्दी नसेल तरच जाण्यात मजा. सगळ्यांना वाटलं आज गर्दी नसेल, तर सगळेच जातात आणि गर्दी होते. गर्दीची कॅलेंडरं अशीच असतात. 'मंगळवार शांत' हे सगळ्यांनी वाचलं की मंगळवार शांत राहत नाही. म्हणून माझे वार पाठ करू नका, त्यांच्यामागची कारणं घ्या: पार्टी कधी आहे, पार्क किती वाजता बंद होतो, आसपासच्या राज्यांत शाळांना सुट्टी कधी आहे. हे सगळं डिस्नीच्या संकेतस्थळावर आणि शाळांच्या कॅलेंडरांत आधीच दिलेलं असतं. दर ट्रिपला ते नव्याने बघा.

शेवटी एक छोटी युक्ती, फक्त तरुण पायांसाठी. पार्क बंद व्हायच्या एक मिनिट आधी रांगेत शिरलात तरी राईड मिळते. शुक्रवारी आई-बाबांना हॉटेलवर सोडून मी एकटा परत गेलो आणि तेच केलं. बाबांनी सकाळी विचारलं, "किती झाल्या?" म्हटलं, "तीन." त्यांनी मान डोलावली. तिकीट वसूल.

तुमच्या घरचे ज्येष्ठ येणार असतील तर त्यांची मर्यादा किती मिनिटांची आहे ते आधी त्यांनाच विचारा आणि मग वार ठरवा. प्रश्न असतील तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.