सूट नको, नियम द्या



मी चेन्नईत क्लिअरिंग एजंटचं काम करतो. सरकारी भाषेत आम्हाला कस्टम ब्रोकर म्हणतात. माझं पोट भरतं ते यंत्रांच्या सुट्या भागांवर आणि रसायनांच्या पिंपांवर. पण पिंपांवर बोलायला कोणी बोलावत नाही, बोलावतात ते गाड्यांवर. त्यातही एकच प्रश्न असतो : "बाहेरून एखादी स्पोर्ट्‌स कार आणायची तर काय करावं लागतं?"

आधी हिशोब सांगतो, म्हणजे ज्यांना उठून जायचंय त्यांना लगेच जाता येईल.

समजा, जहाजभाडं आणि विमा धरून गाडी १ कोटीला पडली. किंमत ४० हजार डॉलरच्या वर, म्हणून ड्युटी एकूण ११० टक्के. २०२५च्या बजेटनंतर ती ७० टक्के मूळ ड्युटी आणि ४० टक्के कृषी सेस अशी मोडली जाते. इटलीत बनलेल्या गाडीवर शेतीचा सेस का, हे मला विचारू नका. झाले २ कोटी १० लाख. या सगळ्यावर ४० टक्के जीएसटी, म्हणजे ८४ लाख. २ कोटी ९४ लाख झाले. मग राज्याचा रस्ता कर. तमिळनाडूत २०२३च्या नोव्हेंबरपासून २० लाखांवरच्या गाडीला २० टक्के आहे. महाराष्ट्रात आयात गाडीला २० टक्केच, पण तिथं वर मर्यादा आहे. आधी २० लाख होती, आता ३० लाख. तर चेन्नईत साधारण साडेतीन कोटी मोजल्यावर १ कोटीची गाडी तुमची होते. विमा वेगळा.

अजून बसलाय, म्हणजे एक तर तुमच्याकडं साडेतीन कोटी आहेत, नाही तर माझ्यासारखी नुसती हौस आहे. दोन्ही चालेल. कारण मला पैशांबद्दल बोलायचंच नाहीये. पैसे ही या कामातली सोपी बाजू आहे. भरले की पावती मिळते. अवघड प्रश्न वेगळा आहे : ही गाडी आपल्या रस्त्यावर चालायला लायक आहे, हे सांगणार कोण?

चेन्नईत हा प्रश्न जास्त टोचतो. श्रीपेरुंबुदूर, ओरगडम, मराईमलाई नगर हा सगळा पट्टा गाड्यांच्या कारखान्यांवर उभा राहिला. एन्नोरच्या बंदरावर गाड्या रांगेनं जहाजात चढताना बघितल्या, तर डोळे भरून येतात. हजारो गाड्या देशाबाहेर सुखानं जातात. उलट्या दिशेनं एकच गाडी उतरली, की तिच्यासाठी केवढी मोठी फाइल लागते!

त्या फाइलीत काय असतं? नवी गाडी असेल तर स्टेअरिंग उजवीकडं हवं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. गाडी आधी कुठं विकलेली किंवा नोंदवलेली नको आणि ती तिच्या जन्मदेशातूनच यायला हवी. सरकारनं ठरवून दिलेल्या बंदरांवरच उतरवता येते. त्यात चेन्नई आहे, एन्नोर आहे, न्हावा शेवा आहे. वापरलेली असेल तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच. फोर्डची मस्टँग पन्नास वर्षं जगभर गाजत होती, पण आपल्याकडं अधिकृतपणे आली २०१६ साली. कारण त्याच पिढीत कारखान्यातून उजव्या स्टेअरिंगची मस्टँग पहिल्यांदा निघू लागली.

यापुढची पायरी होमोलोगेशनची, म्हणजे मॉडेलला मान्यता. त्यासाठी पुण्याची एआरएआय आहे, मानेसरची आयकॅट आहे, आमच्या ओरगडमला जीएआरसी आहे. ब्रेक, धूर, आवाज, दिवे, आरसे सगळं तपासतात आणि गाडी भिंतीवर आदळून बघतात. लाखो गाड्या विकणाऱ्याला चार-पाच गाड्या आदळायला दिल्या तर काही वाटत नाही. वर्षाला शे-दोनशे गाड्या हातानं जुळवणाऱ्या छोट्या कारखान्याला ती चैन परवडत नाही. आणि ज्याला आयुष्यात एकच गाडी आणायचीय, त्यानं आदळायला काय द्यायचं?

मग अशा गाड्या आल्या कशा? बराच काळ याचं उत्तर होतं : मोठ्या माणसाची मेहेरबानी.

१९८५च्या मार्चमध्ये मेलबर्नला रवी शास्त्रीनं ऑडी १०० जिंकली. मैदानावर चक्कर मारणारी ती गाडी आणि तिच्या टपावर बसलेला अख्खा संघ, हे चित्र आमच्या पिढीच्या डोक्यातून जात नाही. सरकारनं ड्युटी माफ केली, गाडी मुंबईत आली. कुणी तक्रार केली नाही. देश खूश होता, आम्हीही खूश होतो. शाळेत कोणी कस्टम ड्युटीचा विचार करतं का?

मग सचिन. २००२ साली त्याचं २९वं कसोटी शतक झालं, ब्रॅडमनची बरोबरी झाली. फियाटच्या वतीनं शूमाकरनं त्याला फेरारी ३६० मोडेना दिली. ड्युटी होत होती १ कोटी १३ लाख. सूट मागितली गेली आणि केंद्र सरकारनं ती दिलीही. पण १८ वर्षांत देश बदलला होता. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. खेळात जिंकलेलं बक्षीस वेगळं आणि एखाद्या कंपनीनं दिलेली भेट वेगळी, हा मुद्दा पुढं आला. शेवटी ती रक्कम फियाटनं भरली.

आपण मराठी माणसं सचिनबद्दल हळवी आहोत, मीही आहे. तरी सांगतो, ती याचिका झाली हे बरं झालं. रांगेत उभ्या असलेल्या शंभर जणांना जे मिळत नाही ते एकाला मिळालं, तर रांगेतल्यांचा नियमावरचा विश्वास उडतो. आणि मग ते दुसरं काहीतरी करतात.

काय करतात, ते चेन्नईनं बघितलंय. २१ मार्च २०१३ला सीबीआयनं इथं धाडी घातल्या. आरोप असा होता की, ३३ परदेशी गाड्यांमध्ये सरकारची ४८ कोटींची ड्युटी बुडाली. स्टॅलिन यांच्या घरीही अधिकारी गेले. द्रमुकनं दोनच दिवसांपूर्वी केंद्राचा पाठिंबा काढला होता, त्यामुळं सगळी चर्चा राजकारणाची झाली. खुद्द पंतप्रधानांनी धाडीच्या वेळेबद्दल नाराजी बोलून दाखवली. गाड्या कुठल्या वाटेनं आल्या, हा मूळ प्रश्न चार दिवसांत बाजूला पडला.

पुढं अभिनेता विजय यांचं प्रकरण झालं. त्यांनी २०१२ साली इंग्लंडहून रोल्स-रॉइस घोस्ट आणली. ही काही स्पोर्ट्‌स कार नव्हे, पण अडचण तीच. कस्टम ड्युटी भरली होती. आरटीओनं सांगितलं, राज्याचा प्रवेश कर भरल्याचा कागद आणा, नाही तर नोंदणी होणार नाही. ते कोर्टात गेले. जुलै २०२१मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी याचिका फेटाळून १ लाखाचा दंड केला आणि पडद्यावरच्या नायकांबद्दल कडक शब्दही सुनावले. पेपरवाल्यांची चंगळ झाली. नंतर खंडपीठानं दंडाला स्थगिती दिली आणि जानेवारी २०२२मध्ये ते शेरे निकालातून काढले. बातमी मात्र पहिल्याच दिवसाची लोकांच्या लक्षात राहिली. माझ्या दृष्टीनं त्यातली खरी गोष्ट निराळी आहे. केंद्राच्या खात्यानं गाडी सोडली म्हणजे राज्याच्या खात्यानं ती स्वीकारली असं होत नाही. दोन दारं, दोन चाव्या. जीएसटी आल्यावर प्रवेश कर गेला, पण ती दोन दारं अजून तशीच आहेत.

आता मला आवडणारी गोष्ट. सप्टेंबर २०१८मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयानं एक अधिसूचना काढली. युरोप, जपान किंवा संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनुसार मान्यता असलेली गाडी असेल आणि स्टेअरिंग उजवीकडं असेल, तर एका कंपनीच्या वर्षाला २५०० गाड्या इथल्या होमोलोगेशनशिवाय येऊ शकतात. त्याआधीही सवलत होती, पण तिला किंमत आणि इंजिनाच्या अटी होत्या. गाडी जितकी महाग आणि इंजिन जितकं अवजड, तितकी वाट सोपी! हलकी, छोट्या इंजिनाची, साधी दोन माणसांची गाडी मात्र बाहेर. २०१८नं ते बदललं. कोणाचं नाव नाही, कोणाचं शतक नाही, मंत्र्याला फोन नाही. कागद बरोबर असेल तर या. मला विचाराल, तर त्या फेरारीपेक्षा हा कागद जास्त देखणा आहे.

पण "कागद बरोबर असेल तर" हे चार शब्द जड आहेत.

माझ्याकडं एक गृहस्थ आले होते. नाव सांगत नाही. आयुष्यभर इंजिनांवर काम केलेला माणूस, निवृत्तीचे पैसे हातात आलेले. इंग्लंडमधल्या अगदी छोट्या कारखान्याची उघडी दोन सीटर त्यांना हवी होती. वजन आपल्या मारुती ८००पेक्षाही कमी. त्यांनी फोटो दाखवले, मी प्रमाणपत्र मागितलं. आलं ते एकेका गाडीला मिळणाऱ्या मंजुरीचं. ब्रिटनमध्ये तशी सोय आहे. तपासनीस ती एक गाडी बघतो आणि ती एकच पास करतो. ती मंजुरी मॉडेलची नव्हे. आपला नियम मॉडेलची मान्यता मागतो. मी म्हटलं, "सर, हिला जहाजात चढवू नका." ते म्हणाले, "अहो, ब्रिटिश सरकारनं पास केलीय, तुमचं सरकार काय म्हणणार?" विकणाऱ्यानंही त्यांना तेच सांगितलं होतं. गाडी निघाली.

इथं उतरल्यावर काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून वाईट वाटतं. गोदामाचं भाडं दिवसावर चढतं. पत्रं गेली, उत्तरं आली, सुनावणी झाली. कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी उद्धटपणा केला नाही. एक अधिकारी तर गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "रोम्ब अळगा इरुक्कु." फार सुंदर आहे! आणि टेबलाशी जाऊन नकार लिहिला. त्यांचं चुकलं नाही. शेवटी दंड भरून गाडी परत पाठवायची परवानगी मिळाली. कंटेनर बंद होताना त्या गृहस्थांनी स्टेअरिंगवरची धूळ रुमालानं पुसली.

हे आपल्याकडंच होतं असं समजू नका. बिल गेट्स यांनी पोर्शे ९५९ घेतली, जगात तीनशेच्या आसपास बनलेली. अमेरिकेत तिची मान्यता नव्हती आणि आदळून बघायला पोर्शेनं गाड्या दिल्या नाहीत. ती कस्टमच्या ताब्यात वर्षानुवर्षं पडून राहिली. पण पुढं काय झालं ते बघा. १९९९च्या सुमाराला तिथं सर्वांसाठी नियम झाला. तांत्रिक किंवा ऐतिहासिक महत्त्वाची गाडी दाखवण्यासाठी आणता येते, वर्षाला २५०० मैलांपर्यंत चालवताही येते. युरोपात छोट्या कारखान्यांसाठी मान्यतेची स्वतंत्र पायरीच आहे, वर्षाला ठरावीक संख्येपर्यंत. आपल्याकडं एकेका गाडीची तपासणी करून, फी घेऊन, मर्यादित किलोमीटरसाठी पास करायची सोय का नसावी? ओरगडमला यंत्रं आहेत, पुण्यात माणसं आहेत. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी आपण २०२१मध्ये वेगळी नोंदणी आणलीच ना? त्यांच्या नंबरात 'व्हीए' अक्षरं असतात, फी २० हजार. म्हाताऱ्या गाडीला जे जमलं ते विरळ गाडीला जमेल.

समजा सगळं जमलं. मग आरटीओ. फॉर्म २०, फॉर्म २१, फॉर्म २२, बिल ऑफ एंट्री. आणि चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलनं घासून घेतलेला ठसा. एका गाडीचा नंबर काचेखाली होता, पेन्सिल पोचेना. तीन फेऱ्या झाल्या. मी कंपनीकडून नंबराच्या जागेचा नकाशा मागवला आणि साहेबांपुढं ठेवला, तेव्हा काम झालं. तेव्हापासून तो नकाशा मी गाडी निघायच्या आधीच मागवतो. तुम्हीही मागवा.

आणि पाऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इथले लोक पुराच्या भीतीनं गाड्या वेळच्चेरीच्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात. साडेतीन कोटींची, जमिनीपासून चार बोटं उंच गाडी तिथं रांगेत उभी करायची तयारी आहे का, हेही मी गिऱ्हाइकाला विचारतो. हसतात. मी हसत नाही.

सध्या फोन वाढलेत. जुलै २०२५मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला. त्यात ठरलेल्या कोट्यापुरती गाड्यांवरची ड्युटी टप्प्याटप्प्यानं ११० वरून १० टक्क्यांपर्यंत आणायचं आहे. छोट्या, हातानं गाड्या बनवणाऱ्यांचं माहेरघर ब्रिटनच, त्यामुळं सगळे विचारतात, "आता स्वस्त होणार ना?" मी म्हणतो, ड्युटीचं नंतर बघू, आधी प्रमाणपत्राची प्रत पाठवा. पहिल्या पानावर मान्यता मॉडेलची आहे की एका गाडीची, तेवढं वाचून दाखवा. बहुतेक जण म्हणतात, बघून सांगतो. परवा एकानं मात्र फोनवरच वाचून दाखवलं. मॉडेलचीच होती. त्यांची फाइल मी उघडलीय.