समुद्रापलीकडे पाठविलेल्या सैनिकांचे ऋण



परदेशात सेवा बजावणाऱ्या सैनिकांविषयी कृतज्ञता, या विषयावर मी आज बोलणार हे कळताच आपल्यापैकी एका नवदीक्षित तरुणाने मला गाठले. तो म्हणाला, “प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील आम्ही ग्रहण केले आहे. मग ज्याच्या हाती शस्त्र आहे, त्याचे आभार आम्ही कोणत्या तोंडाने मानावेत?” प्रश्न प्रामाणिक आहे. तो टाळून पुढे बोलणे मला योग्य वाटत नाही.

वैशालीचा सिंह सेनापती तथागतांना शरण आला, तेव्हा तथागतांनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. नीट विचार करून निर्णय घे. आणि ज्या निर्ग्रंथांना तुझ्या घरी आजवर भिक्षा मिळाली, ती बंद करू नकोस. सेनापतिपद टाकून ये, असे त्याला सांगितल्याचा उल्लेख विनयात नाही. उलट सीमेवरील लढाई टाळण्यासाठी राजाचे सैनिक संघात शिरू लागले, तेव्हा बिंबिसाराच्या विनंतीवरून राजसेवेतील सैनिकास प्रव्रज्या न देण्याचा नियम घालण्यात आला. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची हौस आणि मारण्याची निकड यांत स्पष्ट भेद केला आहे. आणि कृतज्ञता? मंगलसुत्तात तिची गणना उत्तम मंगलांत केलेली आहे. केलेले उपकार जाणणारा माणूस जगात दुर्मीळ असतो, असे तथागतांनी म्हटले आहे. तो किती दुर्मीळ असतो, याचा अनुभव आपल्या समाजास पुरेपूर आहे.

सुभेदार रामजी सकपाळ यांचे घर लष्करी छावणीतले होते, हे आपण जाणता. त्यांच्याच हयातीत, १८९० नंतरच्या काळात, महारांची सैन्यभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासली, तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभारण्यात आली. निकड सरताच १९२१ मध्ये ती मोडून टाकण्यात आली. पुढे १९४१ मध्ये बेळगाव येथे महार पलटण पुन्हा उभी राहिली. आज त्या रेजिमेंटमध्ये सर्व प्रांतांचे व सर्व जातींचे जवान आहेत, आणि मला त्याचा आनंदच वाटतो.

याच रेजिमेंटची ८वी बटालियन १९८७ मध्ये श्रीलंकेत होती. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे भारत-श्रीलंका करार झाला आणि आपले सैन्य ‘शांतिसेना’ हे नाव धारण करून समुद्रापलीकडे गेले. तमिळ जनतेच्या संरक्षणासाठी आपण जात आहोत, असे जवानांना वाटत होते. तीन महिने लोटण्यापूर्वीच तमिळ वाघांशी त्यांची लढाई जुंपली. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहीम आटोपून परतणाऱ्या एका तुकडीवर दबा धरून बसलेल्या अतिरेक्यांनी हल्ला चढविला. तुकडीचे प्रमुख मेजर रामस्वामी परमेश्वरन हे मुंबईत जन्मलेले अधिकारी होते. ते न डगमगता वळसा घालून हल्लेखोरांच्या पिछाडीस गेले. समोरासमोरच्या झटापटीत त्यांच्या छातीत गोळी लागली. तशाही स्थितीत त्यांनी त्या अतिरेक्याच्या हातची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि प्राण जाईपर्यंत आपल्या जवानांना ते आज्ञा देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

असे जवळजवळ १,२०० जवान त्या भूमीवर कामी आले. मार्च १९९० मध्ये अखेरच्या तुकड्या मद्रास बंदरात उतरल्या, तेव्हा तामिळनाडूचे मुख्यमंत्री त्यांच्या स्वागतास गेले नाहीत. तमिळ बांधवांवर गोळ्या झाडणाऱ्या सैन्याचे स्वागत कसे करावे, ही त्यांची भूमिका होती. ती निव्वळ पोकळ होती असे मी म्हणणार नाही. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफना येथील रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका व रुग्ण आपल्या सैन्याच्या गोळीबारात मारले गेले. त्यांच्या आप्तांना न्याय मागण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि ज्या समाजाने स्वतः अन्याय सोसला आहे त्याने तरी ही गोष्ट दडवू नये. परंतु करार जवानाने केला नव्हता. जहाजात बसण्यापूर्वी त्याचे मत कोणी विचारले नव्हते. त्याला पाठविले ते दिल्लीच्या सरकारने, म्हणजे पर्यायाने मतदान करणाऱ्या आपण सर्वांनी. धोरण फसले म्हणून त्या धोरणाचा हिशेब एखाद्या खेडुताच्या मुलाकडून चुकता करून घ्यावयाचा, हा कोणता न्याय?

आणखी एक गोष्ट ऐका. या जवानांच्या स्मरणार्थ श्रीलंकेने कोलंबोजवळ २००८ मध्ये स्मारक उभारले. स्वातंत्र्यानंतरच्या सर्व हुतात्म्यांचे दिल्लीतील राष्ट्रीय समर स्मारक खुले झाले, ते २०१९ मध्ये. परक्यांनी आधी दगड रोवला, आपण नंतर! आजही दक्षिण सुदानसारख्या दूरच्या देशांत संयुक्त राष्ट्रांचे निळे शिरस्त्राण घालून आपले जवान उभे आहेत. त्यांना पाठविलेल्या लिफाफ्यावर गावाचे नाव नसते. तुकडीचे नाव आणि टपालघराचा आकडा असतो. तरीही पत्र पोहोचते. आपल्या मुलांनी अशी पत्रे लिहावीत. मोठमोठे शब्द नकोत. पाऊस किती झाला, विहाराचे काम कोठवर आले, आईचे गुडघे कसे आहेत, एवढे पुरे.

हारतुऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. गेल्या वर्षी श्रीलंकेत जाऊन आलेल्या एका जवानाची वृद्ध पत्नी मला भेटली. तिचे नाव लष्करी कागदांत एक आणि रेशनकार्डावर दुसरे. एवढ्या एका कारणावरून तिचे कुटुंबवेतन दोन वर्षे अडले होते. प्रजासत्ताकदिनी तिला मात्र व्यासपीठावर बसवून शाल दिली होती. ती मला म्हणाली, “दादा, शाल उबदार आहे, पण औषध देणारा शाल घेत नाही.”

तेव्हा येत्या रविवारी वंदनेनंतर आपण कोणी लगेच घरी जाऊ नये. आपल्या वस्तीतील कोण कोण समुद्रापलीकडे गेले, कोणत्या बटालियनमध्ये, कोणत्या साली, याची वही आपण विहारात मांडणार आहोत. ज्यांचे वेतन अडले असेल त्यांनी सेवामुक्तीचे पुस्तक, विवाहाचा दाखला व बँकेचे पासबुक बरोबर आणावे. आपल्यातील दोन शिक्षक अर्ज लिहून देतील, आणि सोमवारी मी स्वतः ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जाईन.