साच्यातून निसटलेल्या गाड्या



व्याख्यानमाला म्हटली की शिवचरित्र, संतसाहित्य, शेतीचं अर्थकारण. त्यात आज खेळण्यातल्या मोटारींवर तासभर बोलणारा माणूस आलाय म्हटल्यावर कुणी भुवया उंचावल्या असतील, तर त्यांचं काही चुकलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की या बोटभर गाड्यांमध्ये कारखानदारीचा इतिहास दडलेला आहे आणि त्यात आपली पानं कोरी आहेत.

ही हातातली मोटार बघा. मागच्यांना दिसणार नाही, त्यांनी नंतर पुढे यावं. जग्वार मार्क टेन. हिचा साचा मूळचा इंग्रजांचा. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने, म्हणजे फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने, १९३४ पासून ‘डिंकी टॉइज’ या नावाने धातूच्या छोट्या मोटारी विकल्या. पुढे डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्याला आले आणि त्यातून ‘निकी टॉइज’ नावाच्या गाड्या निघू लागल्या. ही उलटी करतो. तळाच्या पत्र्यावर डिंकीच्या जागी निकी आलंय. रंग जाडसर, कडांना ओघळलेला. विलायती मालाची सफाई नाही. तरीही माझ्या कपाटातल्या कितीतरी चकचकीत गाड्यांपेक्षा हिच्यावर माझा जास्त जीव आहे.

या गाड्या बनतात जस्ताच्या मिश्रधातूपासून. जस्तात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम, शिवाय थोडं तांबं आणि मॅग्नेशियम. हे मिश्रण चारशे अंश सेल्सियसच्याही आधीच वितळतं. मग ते दाबाने पोलादी साच्यात घुसवायचं, क्षणात थिजतं, साचा उघडला की मोटारीची काया बाहेर. मोदकाच्या साच्यासारखंच, फक्त सारण आत बसवण्याऐवजी खाली तळ आणि आस बसवायचे. अडचण एकच, मिश्रण शुद्ध हवं. त्यात शिशाचा अंश राहिला तर काही वर्षांनी धातू आतून कुजतो. आधी रंगावर फोड येतात, मग केसाएवढ्या भेगा पडतात, गाडी फुगून आस जाम होतो आणि एक दिवस बोट लावताच तुकडे हातात येतात. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कितीतरी डिंकी अशाच गेल्या. दमट हवेत ही कीड लवकर पसरते. तुमच्याकडे पाऊस कसा कोसळतो ते मी सांगायला नको. म्हणून सुरगाण्यात कुणी हा नाद धरलाच, तर कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका, गाडी वर्तमानपत्रात गुंडाळू नका आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. त्या पुड्या ओल धरतात, तेव्हा अधूनमधून बदलायच्याही.

मॅचबॉक्सची कथा अनेकांना माहीत असेल. लंडनच्या लेझ्नी कंपनीतल्या जॅक ओडेल यांच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता यायचं. बापाने रोड रोलरची छोटी प्रतिकृती करून दिली आणि १९५३ पासून त्या नावाने जगभर धंदा झाला. १९६८ मध्ये अमेरिकेच्या मॅटेलने हॉट व्हील्स आणल्या. आपल्याकडेही ‘लिओ मॅटेल’ या नावाने हॉट व्हील्स बनल्या, त्या जुन्या पिढीतल्या काहींच्या हाती आल्याही असतील.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. मॅचबॉक्सच्या मालिकेत एकविसाव्या क्रमांकाची बेडफर्ड बस आहे, अंगावर लंडन ते ग्लासगो असं लिहिलेली. आपली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली, तीही बेडफर्डच. लंडन-ग्लासगोची बस लाखो पोरांच्या खिशात गेली. पुणे-नगरची कुणी ओतली नाही. ट्रकचंही तेच. टेल्कोने १९५४ मध्ये डेमलर-बेंझशी करार केला, १९६९ पर्यंत आपल्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तारा होता. त्याच घराण्याचे लांब नाकाचे ट्रक जर्मनीच्या खेळणी कारखान्यांनी आवडीने काढले. आपला ट्रक, केबिनवर रंगवलेली फुलं, मागे ‘हॉर्न ओके प्लीज’, तो मात्र साच्याबाहेरच राहिला.

तसंच कुर्ल्याच्या फियाटचं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ती बनत होती. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं, २००० च्या सुमारापर्यंत उत्पादन चाललं आणि मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. ती हवी असेल तर संग्राहक इटालियन फियाट ११०० चं मॉडेल घेतो, रंग खरवडतो, काळा-पिवळा देतो. मीही तेच करतो. आणि महिंद्राची जीप? महिंद्राच्या गाड्या तर आपल्याच नाशिकच्या कारखान्यात बनतात. वणी-बोरगाव रस्त्यावर टपासकट माणसांनी भरलेली जीप ज्याने पाहिली नाही असा माणूस या मंडपात बसलेला नसेल.

असं का झालं? पैशामुळे. एका साच्याला लाखो रुपये लागतात. हजारो नग खपले तरच तो परवडतो. पण फक्त पैसा म्हणून सुटका नाही. एकेकाळी जपानी पोरंही विलायती मोटारींवरच खेळत होती. टोमी कंपनीने १९७० मध्ये ‘टोमिका’ काढली तेव्हा पहिल्या सहाच्या सहा गाड्या जपानी घेतल्या: क्राउन, ब्लूबर्ड, फेअरलेडी वगैरे. पोरांना दारातली गाडी हवी असते हे त्यांनी ओळखलं. आपल्याकडे प्लास्टिकच्या अॅम्बॅसडर आणि रिक्षा मिळतात, मागे ओढून सोडायच्या. त्या मी हिणवत नाही, उलट आवर्जून घेतो.

सरकारने २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के केलं, २०२३ मध्ये ७० टक्के. परदेशी माल महाग झाला. त्यात देशी कारखानदाराला संधी आहे, ती कुणी घेतो का पाहायचं. दुसरीकडे दीडशे-दोनशेची हॉट व्हील्स घाऊक उचलून दुर्मीळ म्हणून दुप्पट-चौपटीला विकणारे निघालेत. तो व्यापार आहे, त्याला छंदाचं नाव देऊ नका. पाकीटही न फोडता गाडी ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही, ते त्यांनी मोठ्या मनाने घ्यावं.

पोरांनो, तुम्ही चपलेच्या रबराची चाकं आणि तारेची गाडी करता ना? तीही या कुळातली. वर्षाच्या आत मोडते म्हणून तिला कमी लेखू नका. मोडण्याआधी तिचा फोटो काढा.

मोठ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या वाडीत, गोठ्यामागे, गॅरेजच्या कोपऱ्यात जुनी जीप, मॅटॅडोर किंवा टेम्पो गंजत पडला असेल. भंगारवाला येण्याआधी त्या गाडीच्या चारही बाजूंचे, आतल्या डॅशबोर्डचे आणि नंबरप्लेटचे फोटो काढा. टेपने लांबी, रुंदी, उंची आणि दोन आसांमधलं अंतर मोजा. ती कुणी चालवली, कुठल्या रस्त्यावर चालवली, तिच्यातून कोण दवाखान्यात गेलं, कुणाची वरात गेली, ते चार ओळीत लिहा. कागद इथल्या ग्रंथालयात द्या. पुढेमागे कुणाला साचा करायचा झाला तर त्याला मापं लागतील, आणि गाडी भंगारात गेल्यावर ती कुठेच मिळणार नाहीत.